भूशिर, गुहा, कमान, स्तंभ : खान्देशातल्या वर्गात समुद्र शिकवायचा तर

चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेवर भूगोल शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. लाटांच्या कार्याच्या धड्यात एक आकृती असते. समुद्रात घुसलेलं भूशिर, त्याला पडलेली गुहा, मग आरपार कमान, मग एकटाच उभा राहिलेला सागरी स्तंभ आणि शेवटी झिजून पाण्याच्या पातळीला आलेला खुंट. ती फळ्यावर काढली तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, लाटा तर सगळीकडे सारख्याच आदळतात, मग भोक तिथेच का पडतं?" दुसरा म्हणाला, "पाण्याने दगड कापला जातो, तर आमच्या विहिरीतला का नाही कापला जात?" वर्गात समुद्र पाहिलेली मुलं दोन-तीनच. हे समजवायचं कसं, आणि सहल न्यायची तर कुठे आणि कधी, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, तीसेक वर्षं जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना भूगोल शिकवला आणि जवळजवळ दर हिवाळ्यात त्यांना घेऊन कोकणात उतरलो, त्या भांडवलावर लिहितो. पहिल्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण अख्खा धडा त्याच्या प्रश्नात आहे. बहुतेक मास्तर लाटेकडे बोट दाखवून शिकवतात. लाट किती मोठी, किती जोराची वगैरे. मी आधी खडकातली चीर दाखवतो. भूशिराचं पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी समुद्र तिथे पोचायच्या आधीच खडकात लिहिलेलं असतं.

याला कोकणात जायची गरज नाही. लहानपणी आमच्या मळ्यात विहीर खोदताना पाहिलेलं सांगतो. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे जरा ठिसूळ दगड लागला. तिथपर्यंत पहार आणि टिकाव चालले. खाली काळा पाषाण लागला आणि काम थांबलं. दगड फोडणारे एक म्हातारे बाबा आले. आल्या आल्या त्यांनी घण उचलला नाही. दोन बादल्या पाणी मागवलं, कातळावर ओतलं आणि बिडी ओढत बसून राहिले. ऊन कडक होतं, दगड वरून भराभर वाळला, पण दोन ठिकाणी बारीक काळ्या ओल्या रेघा मागे राहिल्या. त्या चिरा. पाणी आत शिरलेलं म्हणून तिथली ओल टिकली. बाबांनी त्या रेघेवर छिन्नीने ओळीने खाचा पाडल्या, खाचांत पोलादी पाचरी बसवल्या आणि मग घण उचलला. प्रत्येक पाचरीला एकेक ठोका, पुन्हा पहिलीपासून. आधी आवाज टणटणीत येत होता. तो जरा बद्द झाला तसे बाबा म्हणाले, "आता फुटलाच." पुढच्या दोन ठोक्यांत बैलाएवढा दगड सरळ रेषेत सुटला.

समुद्र नेमकं हेच करतो. पाण्याने चीर शोधतो, पाचर ठोकतो आणि एकाच जागी पुन:पुन्हा ठोकतो. त्याची पाचर हवेची असते. लाट खडकावर आदळते तेव्हा चिरेत असलेली हवा तिच्यापुढे कोंडते. बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती आकसते आणि चिरेच्या दोन्ही अंगांना दाबते. लाट मागे फिरली की तीच हवा एकदम सुटते आणि सैल झालेला तुकडा बाहेर ओढला जातो. मुलांना हे हाताला कळावं म्हणून एक रिकामा हंडा पालथा धरून पाण्याच्या टाक्यात दाबायला सांगा. हंडा दोन वीतसुद्धा खाली जात नाही, हात थरथरतो, आणि सोडला की उसळून वर येतो. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोहून थोडं जास्तच भरतं. अशी कित्येक घनमीटर पाण्याची भिंत पावसाळ्यात दर आठ-दहा सेकंदांनी त्या चिरेच्या तोंडावर येते, म्हणजे ठोके किती झाले याचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. दिवसाला आठ-दहा हजार होतील.

हवेची पाचर झाली, आता छिन्नी. नुसतं पाणी कठीण दगडाला फारसं घासत नाही. घासतात ती लाटेने उचलून आपटलेली वाळू, गोटे, खडकाचे फुटके तुकडे. जात्याला टाकी का लावावी लागते, हे तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आज्यांना विचारा. दळून दळून पाळी गुळगुळीत होते ती मऊ दाण्यांनी, दाण्यासोबत आलेल्या कचीने आणि दगडावर दगड घासल्याने. पुस्तकात याला अपघर्षण म्हणतात. घासणारे गोटे स्वतःही झिजून गोल होतात, त्याला सन्निघर्षण. परीक्षेला ही दोन नावं येतात आणि मुलं त्यांची अदलाबदल करतात. 'अप'मध्ये मार खातो तो कडा, 'सन्नि'मध्ये गोटे आपसात भांडतात, एवढी खूण मी देतो.

दुसऱ्या मुलाचं उत्तर इथेच मिळतं. विहिरीतलं पाणी उभं असतं. त्याला लाट नाही, हातात गोटा नाही, कोंडायला हवा नाही. तेच पाणी सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यात वाळू-गोटे घेऊन धावतं तेव्हा दगड कसा गुळगुळीत करतं हे त्याने नक्की पाहिलं असेल.

आता 'लाटा सगळीकडे सारख्याच आदळतात' या वाक्याकडे. ते खरं नाही, पण मुलाची चूक नाही, आकृतीत लाटा सरळ रेघांनीच काढलेल्या असतात. उथळ पाण्यात लाट मंदावते. १० मीटर खोल पाण्यात ती सेकंदाला साधारण १० मीटर जाते, अडीच मीटर खोलीत निम्मीच, ५ मीटर. भूशिरासमोर पाणी आधी उथळ होतं. तिथला लाटेचा भाग अडखळतो, आजूबाजूचा खोल पाण्यातला भाग पुढे निघून जातो, आणि अख्खी लाट भूशिराभोवती वळते. पावसाळ्यात बैलगाडीचं एक चाक सडकेवर आणि दुसरं काळ्या रानाच्या चिखलात उतरलं की गाडी चिखलाकडे ओढते, तसंच. परिणाम असा की लाटांचा जोर भूशिरावर एकवटतो आणि शेजारच्या खाडीत, उपसागरात पांगतो. म्हणून टोकाला नागडा कातळ उरतो आणि बगलेत वाळूची पुळण साचते. शिवाय वळलेली लाट भूशिराच्या दोन्ही कुशींवर मारा करते. कमान आरपार का होते याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं चिरेत, कारण चीर बहुतेक वेळा भूशिराच्या या कुशीतून त्या कुशीत गेलेली असते.

चिरा येतात कुठून? आपल्याकडचा आणि कोकणातला बराचसा काळा दगड एकाच प्रकारे झालेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर पसरला. थंड होताना तो आकसला आणि तडकला, उन्हाळ्यात काळं रान तडकतं तसा. कधी सुबक षटकोनी खांब पडले, मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलवर दिसतात तसे, कधी वेडेवाकडे तुकडे. प्रत्येक थराचा पोतही एकसारखा नाही. मधला भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांनी भोकाळलेला, आणि काही थरांच्या मध्ये तांबडा मातकट पट्टा. विहीर खोदलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा क्रम पाठ असतो, तो फक्त बेसाल्ट हा शब्द वापरत नाही.

समुद्राच्या पाण्याच्या पातळीला यातला कुठला थर किंवा कुठली चीर आलीय त्यावर पुढचा आकार ठरतो. तिथे आडवा कच्चा पट्टा आला, तांबडा किंवा भोकाळलेला, तर कड्याच्या पायाशी लांबलचक खाच पडते. वरचा भाग छज्जासारखा पुढे राहतो आणि एक दिवस कोसळतो. कडा मागे सरकतो. उभी चीर आली तर समुद्र तिच्यात शिरत जातो आणि गुहा किंवा घळ होते. आडवी आणि उभी दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे गुहा सगळ्यात लवकर मोठी होते. एवढं मुलांना दिलं की कुठल्याही कड्याचा फोटो पाहून 'इथे पुढे काय होईल' हे ती स्वतः सांगतात, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतात.

छज्जा कोसळणं पाहायला आपली तापी पुरेशी आहे. तिच्या काठची गाळाची उंच दरड पूर ओसरल्यावर दाखवा. पाण्याने पायथा खाल्लेला असतो, वरची माती उभ्या भेगेने सुटून घसरलेली असते. धोका मात्र ओळखा, दरडीच्या वर कोणाला उभं करू नका आणि खालीही नको, समोरच्या काठावरून दाखवा. तिथे मी पोरांना विचारतो, मग तापीच्या दरडीत कमान का होत नाही? थोडा वेळ घेतात आणि कोणीतरी म्हणतंच, "छत टिकणार नाही, सर." बरोबर. कमानीला विचित्र दगड लागतो. चिरेच्या जागी एवढा कच्चा की आरपार भोक पडावं, आणि वर एवढा पक्का की भोक पडल्यावरही छत तरंगत राहावं. फार तडकलेल्या दगडात छत लगेच खाली येतं, फार घट्ट दगडात भोकच पडत नाही. म्हणून कमानी जगात मोजक्या आणि फोटोंत फार.

आणि ज्या आहेत त्याही टिकत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर चुनखडकाची दोन कमानींची एक रांग होती, तिला लंडन ब्रिज म्हणत. १५ जानेवारी १९९० रोजी किनाऱ्याकडची कमान पडली, तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या भागावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. त्याच किनाऱ्यावर 'बारा प्रेषित' नावाचे सागरी स्तंभ आहेत, जे कधीच बारा नव्हते. त्यातला एक, सुमारे ५० मीटर उंचीचा, ३ जुलै २००५ रोजी लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला आणि आठ उरले. माल्टातली प्रसिद्ध 'निळी खिडकी' ८ मार्च २०१७ च्या वादळात गेली, नुसतं छतच नाही, समोरचा खांबही. म्हणजे कमान पडली की स्तंभ उरतोच, हे पुस्तकातलं वाक्यही दरवेळी खरं ठरत नाही.

या आकृतीबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. गुहा, कमान, स्तंभ, खुंट एका ओळीत काढल्याने मुलांना वाटतं, प्रत्येक भूशिराला या चार इयत्ता पास कराव्याच लागतात. खरं तर ही चार वेगवेगळ्या जागांची चित्रं एका कागदावर डकवलेली आहेत. बहुतेक गुहा गुहाच राहतात किंवा त्यांचं छत पडून घळ होते. बहुतेक भूशिरं नुसती मागे सरकतात. काही वेळा मात्र क्रम खरोखर पाहता येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला हॉय बेटावर वाळूखडकाचा १३७ मीटर उंच स्तंभ आहे, 'हॉयचा म्हातारा'. अठराव्या शतकाच्या मध्यातल्या नकाशांत तिथे नुसतं भूशिर आहे, स्तंभ नाही. १८१७ मध्ये एका चित्रकाराने त्याचं रेखाटन केलं तेव्हा त्याला पायाशी कमान होती, म्हणजे दोन पाय होते. आता एकच आहे. अडीच-तीनशे वर्षांत एवढा फरक. तो ज्यावर उभा आहे तो पायथा मात्र बेसाल्टचा, आपल्या काळ्या दगडाच्या भाऊबंदातला.

वेगाबद्दल विचारतील म्हणून : ग्रॅनाइटसारख्या घट्ट खडकाचा कडा वर्षाला साधारण मिलिमीटरच्या हिशोबात मागे जातो, खडूचा दगड दहा-वीस सेंटीमीटर किंवा जास्त, आणि हिमनदीने टाकलेली कच्ची माती मीटर-दोन मीटर सहज. पण ही सरासरी. प्रत्यक्षात वीस वर्षं काहीच हलत नाही आणि एका रात्रीत घराएवढा तुकडा जातो. शेतीतल्या सरासरी पावसासारखंच, जूनमध्ये थेंब नाही आणि ऑगस्टच्या चार दिवसांत वर्षाचा.

कोकणात पुस्तकातली मोठी कमान शोधत फिरू नका, हिरमोड होईल. तिथे पाहायची ती घळ. गुहागर तालुक्यात हेदवीला समुद्राकाठी उमामहेश्वराचं देऊळ आहे. तिथून काळ्या कातळावरून थोडं चालत गेलं की बामणघळ. कातळाला सुरीने काप द्यावा तशी अरुंद, लांबट भेग, समुद्राकडे तोंड, जमिनीकडे मिटलेली. ओहोटीला पाहिली तर नुसती फट वाटते. भरती चढू लागली की समोरून लाट आत घुसते, भिंती जवळ येत जातात तसं पाणी दाटत जातं, आतल्या टोकाला जाऊन आपटतं आणि सरळ वर उडतं, दोन-तीन पुरुष उंच. त्याआधी अर्धा क्षण खालून एक घुमणारा, बंद खोलीत दार आपटावं तसा आवाज येतो. तो आवाज कोंडलेल्या हवेचा. तिथे मी पोरांना डोळे मिटून उभं करतो, काठापासून लांब, आणि फक्त आवाज मोजायला लावतो. पाचरीचे ठोके हेच, असं सांगितलं की पुढे काही बोलावं लागत नाही. एका वर्षी शिरपूरकडचा एक पोरगा घळीच्या दोन्ही भिंती निरखून म्हणाला, "सर, ह्या दोघी एकमेकींत बसतील." दोन्ही बाजूंचे खाचखळगे जुळत होते. फुटलेल्या दगडाचे दोन तुकडे जुळावेत तसे. चीर आधी होती, समुद्राने ती रुंद केली, हे त्याने माझ्याआधी वाचलं.

अशी फट पडायचं आणखी एक कारण आपल्याला घरबसल्या शिकवता येतं. धुळे-साक्री-नंदुरबार भागात रस्त्याने जाताना सपाट रानातून मध्येच सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडांच्या बारक्या टेकड्या दिसतात, किल्ल्याची पडकी तटबंदी वाटावी अशा. त्या डाइक. लाव्हा ज्या भेगांतून वर येत होता त्या भेगांतच काही लाव्हा गोठला, त्याची भिंत झाली. साक्री-धुळे-पारोळा पट्ट्यातली एक डाइक तर सुमारे ७९ किलोमीटर लांब मोजलेली आहे. तिथे भोवतालचा दगड जास्त झिजला आणि भिंत उघडी पडली, कारण भिंत भोवतालापेक्षा पक्की. कोकण किनाऱ्यावरही, मुरुड-जंजिऱ्याच्या परिसरात, डाइक आहेत. पण सगळीकडे भिंतच जिंकते असं नाही. डाइकचा दगड बारीक तुकड्यांत तडकलेला असेल तर समुद्र आधी तीच पोखरून काढतो आणि भिंतीच्या जागी खंदक उरतो. जिंकली तर काय होतं ते पाहायचं असेल तर आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ह्वितसेर्कुरचा फोटो वर्गात दाखवा. सुमारे १५ मीटर उंचीची बेसाल्टची पातळ भिंत उथळ समुद्रात एकटी उभी आहे, पायाशी आरपार भोकं, पाणी प्यायला वाकलेल्या जनावरासारखी. आपल्या साक्रीकडच्या टेकडीच्या दोन्ही अंगांना समुद्र असता तर तिचं असंच काहीसं झालं असतं. या एका वाक्यावर धुळ्याच्या पोरांचे डोळे चमकतात, हा अनुभव आहे.

कड्याच्या पायाशी जी खडकाची सपाटी उरते ती तरंगघर्षित मंच. नाव अवजड आहे, पण मला विचाराल तर कमानीपेक्षा हाच धड्याचा खरा नायक, कारण मागे गेलेल्या कड्याचा पुरावा तोच. कडा पूर्वी कुठवर होता हे त्यावर उभं राहून दाखवता येतं. आणि मंच जसा रुंद होतो तसा तो लाटेचाच जोर खातो. लांबवर उथळ खडकावरून घासत आलेली लाट कड्यापर्यंत दमून पोचते. म्हणजे समुद्र स्वतःच्या कामानेच स्वतःला अडवतो.

मंच पाहायला रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर उत्तम. देवळामागची प्रदक्षिणेची वाट डोंगर चढून मग खडकांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी खाली मंचावर उतरते. ती फटही चिरेचीच देणगी. खाली कड्याच्या भिंतीवर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसेल. मुलं तिला लाटांनी पाडलेली भोकं समजतात. ते मिठाचं काम. लाटेचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचा कण कण सुटतो. आपल्याकडे जुन्या मातीच्या किंवा विटेच्या भिंतीला लोणा लागतो आणि भिंत फुगून पोपडे पडतात, तोच प्रकार. वर्गात लोणा म्हणून सांगा, 'लवण विदारण' नंतर लिहून द्या. मंचावर जागोजाग गोल खळगे आहेत, त्यांत गोटे अडकलेले. निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे पाहिलेले असतील तर त्यांचेच हे धाकटे भाऊ, फक्त गोटा फिरवणारा हात इथे लाटेचा.

इथेच माझी पहिली सहल फसली होती. सगळं ठरवलं, गाडी ठरवली, मुक्कामाच्या ठिकाणी 'सकाळी निवांत या, सगळं दिसतं' असं सांगितलं होतं ते खरं मानलं. पोहे-चहा आटपून आम्ही अकराला चाळीस पोरं घेऊन पायऱ्या उतरलो, तर खाली मंच नाहीच. पायरीपर्यंत फेसाळ पाणी. त्या दिवशी पौर्णिमा होती. एक कोळीण टोपली घेऊन वर येत होती, तिने विचारलं, "मास्तर, घरात पंचांग नाही का?" तिने मला जे शिकवलं ते मी नंतर कधी विसरलो नाही. तिथीला पाऊण पट करायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, आणि सव्वासहा तासांनी, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही बरोब्बर भरतीच्या डोक्यावर जाऊन पोचलो होतो. कोकण किनाऱ्यावर हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे सोपं गणित.

त्यामुळे 'कधी न्यायचं' याचं उत्तर तिथीत आहे. सप्तमी ते नवमी धरली तर भर दुपारी मंच उघडा मिळतो, मुलांना सांभाळायला सोपं. पण त्या दिवसांत पाणी फार खाली जात नाही. मंचाची खरी रुंदी पाहायची तर पौर्णिमा किंवा अमावस्या धरा आणि संध्याकाळी साडेपाचच्या ओहोटीला पोचा, मात्र अंधाराच्या आणि उलट चढणाऱ्या पाण्याच्या आत वर यायचं पक्कं ठरवूनच. ओहोटीच्या तासभर आधी उतरावं, पाणी सगळ्यात खाली गेलं की, ते पुन्हा चढायच्या आत परतायला सुरुवात करावी. तिथे बेसावध माणसं वाहून गेलेली आहेत, म्हणून स्थानिक माणूस 'नको' म्हणाला तर वाद घालू नये. जून ते सप्टेंबर तर कातळावर पायच ठेवू नये. चपला नकोत, बूट हवेत, कारण खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कोकणातली भूशिरं समुद्राने कोरून काढलेली आहेत असं मुलं लिहितात, पण तसं नाही. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. नद्यांनी तेव्हा आपल्या दऱ्या खोल केल्या. पुढे बर्फ वितळलं, पाणी चढलं, सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या जवळपास आलं. बुडालेल्या दऱ्यांच्या खाड्या झाल्या आणि दोन दऱ्यांमधली डोंगराची सोंड भूशिर झाली. मराठ्यांनी, पोर्तुगिजांनी, सगळ्यांनी याच सोंडांवर किल्ले बांधले. कोर्लई, जयगड, विजयदुर्ग नकाशावर पाहा, प्रत्येकाच्या बगलेत खाडी आहे. म्हणजे भूशिर नदीने दिलं, समुद्र फक्त त्याच्या कडा गेली काही हजार वर्षं कुरतडतोय.

वर्गातल्या प्रयोगाचं सांगून थांबतो. परातीत ओली वाळू थापून लाटा मारायचा प्रयोग सगळे करतात, त्यात कमान कधीच होत नाही, ढिगारा होतो. तो फसू द्या आणि तापीच्या दरडीची आठवण करून द्या. मग दुसऱ्या परातीत विटांचे चार-पाच तुकडे ओल्या मुरमात उभे करून 'भूशिर' बनवा, एका ठिकाणी दोन विटांमध्ये मुद्दाम आरपार फट ठेवा आणि ती नुसत्या मातीने भरा. वरून एक पातळ फरशी. पुठ्ठ्याने हळूहळू लाटा मारा. दहा-पंधरा मिनिटांत पाणी फटीतून पलीकडे निघतं आणि फरशी तरंगल्यासारखी वर राहते. ज्या मुलाने 'भोक तिथेच का' विचारलं होतं, त्यालाच पुठ्ठा द्या. आणि फरशी पडेपर्यंत त्याला थांबवू नका, तास संपला तरी.